शिडीचं ट्रेनिंग आधी मालकाचं, मग कामगाराचं

फूड प्रोसेसिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये काय काय असतं हे तुम्हाला आता पाठ झालं असेल. पल्व्हरायझर, रोस्टर, सीलिंग मशीन, वजनकाटा, वीज जोडणी, लेबल डिझाइन, खेळतं भांडवल. पीएमएफएमई योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून आपण एकेका मशीनचं कोटेशन तीन-तीन ठिकाणांहून मागवतो. आता तोच रिपोर्ट पुन्हा उघडा आणि त्यात ‘शिडी’ हा शब्द शोधा. बहुतेक सापडणार नाही.

पण युनिटमध्ये शिडी असतेच. ती येते कुठून? शेड बांधणारा मिस्त्री मागे टाकून गेलेली असते. घरच्या माळ्यासाठी घेतलेली, एक पायरी वाकलेली, ती ‘तिकडे कामाला येईल’ म्हणून टेम्पोत टाकलेली असते. नाहीतर शिडी नसतेच आणि तिचं काम तीन प्लास्टिकचे क्रेट, तेलाचा रिकामा डबा किंवा ऑफिसची चाकाची खुर्ची करते. चाकाची खुर्ची! हसू नका, तुमच्याही युनिटमध्ये कोणीतरी तिच्यावर उभं राहून ट्यूब बदललेली आहे.

माझं मत सरळ सांगतो. छोट्या खाद्य उद्योगांत शिडीचं ट्रेनिंग फसतं, कारण ते चुकीच्या माणसापासून सुरू होतं. आपण कामगाराला बोलावतो, ‘नीट चढत जा रे’ म्हणतो, फारच झालं तर एका कागदावर सह्या घेतो आणि ट्रेनिंग झालं असं मानतो. पण कोणती शिडी विकत घ्यायची, तिच्यावर कशासाठी चढायचं, किती घाईत चढायचं, हे कामगार ठरवत नाही. ते तुम्ही ठरवता.

आपल्या धंद्यात शिडी जास्त धोक्याची का?

शिडी सगळीकडे तीच असते. फरक जमिनीत असतो. मसाल्याच्या युनिटमध्ये फरशीवर बारीक पूड पसरलेली असते. फरसाणवाल्याकडे तेलाचा पातळ थर असतो, डोळ्यांना दिसत नाही पण चपलेला कळतो. सरबत, दूध, पिण्याच्या पाण्याचा प्लांट, इथे फरशी दिवसातून दोन-तीनदा धुतात आणि ती क्वचितच पूर्ण वाळते. पाणी निचरून जावं म्हणून फरशीला नाळीच्या दिशेने उतार दिलेला असतो. चांगलं बांधकाम म्हणतो आपण त्याला, आणि ते चांगलंच आहे, पण चार पायांची शिडी त्या उतारावर तीन पायांवर उभी राहते.

वर वाफ, खाली ओलं, हातात ग्लोव्ह्ज, ग्लोव्ह्जना तूप. आणि पायात काय, तर स्लिपर.

चढायचं निमित्तही रोजचंच असतं. हॉपरमध्ये मिरची-धणे ओतायचे असतात, टाकीचं झाकण उघडून पातळी बघायची असते, रॅकच्या वरच्या खणातून पॅकिंग फिल्मचा रोल काढायचा असतो. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, सगळी जाळी-जळमटं काढायची असतात. हा शेवटचा दिवस मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. दिवाळीच्या ऑर्डर डोक्यावर असतात, साफसफाई शिफ्ट संपल्यावर सुरू होते, माणसं बारा तास उभी राहून थकलेली असतात आणि एरवी कधीही शिडीवर न चढलेला पोरगा त्या दिवशी झाडू घेऊन पंख्यापर्यंत चढलेला असतो.

‘शिडी किती उंच, सहा-सात फूट तर आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी शाळेतलं फिजिक्स. दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांवरून माणूस पडला तर त्याला जमिनीवर पोचायला पाऊण सेकंदही लागत नाही. आदळताना वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असतो. चालत्या स्कूटरसमोर उभं राहून डोक्याने ती अडवायला कोणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. इथे तर समोर काँक्रीट असतं. सावरायला वेळ मिळेल हा समज काढून टाका.

आधी चढणंच कमी करा

शिडीवर चढायला शिकवण्याआधी एक वही घ्या आणि एक आठवडा नोंद करा: कोण, कधी, कशासाठी चढलं. फक्त एवढंच. मी सांगतो, निम्म्या नोंदी वाचताना तुमचं तुम्हालाच वाटेल की यासाठी चढायची गरज काय होती.

टाकीतली पातळी बघायला रोज चार वेळा कोणी चढत असेल तर टाकीच्या बाजूला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी बसवून घ्या, खाद्यपदार्थाला चालणाऱ्या मालाची आणि धुता येणारी. व्हॉल्व्ह वर असेल तर पाइप वळवून तो छातीच्या उंचीवर आणा. रोज लागणारा माल रॅकच्या खालच्या दोन खणांत ठेवा आणि वर्षातून दोनदा लागणारे सणाचे खोके वर टाका. आपल्याकडे बरोब्बर उलटं असतं, कारण रॅक भरताना जे आधी आलं ते खाली गेलं. दिवे बदलताना लांब चालणारे, तुटले तर काच खाली न सांडणारे कव्हरवाले एलईडी बसवा. कव्हर तुम्हाला अन्न सुरक्षेसाठी लागतंच, चढणं कमी होतं हा वरचा फायदा.

आता हॉपर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण कांडप आणि मसाल्याच्या युनिटमध्ये सगळ्यात वाईट सवय हीच दिसते. माणूस खांद्यावर पोतं घेऊन शिडी चढतो, एका हाताने शिडी धरतो, दुसऱ्याने पोत्याचं तोंड सोडतो आणि वाकून ओततो. आकडे मांडू. माणूस ६५ किलोचा, धण्याचं पोतं ४० किलोचं, झाले १०५. बाजारातल्या कितीतरी घरगुती शिड्यांवर कमाल वजन १०० किंवा १२० किलो लिहिलेलं असतं, आणि तेही माणूस मधोमध सरळ उभा असताना. पोतं कलंडताना सगळा भार एका बाजूला जातो. शिडी टिकली तरी माणसाचा तोल जातो. आणि तो कुठे जातो? चालू मशीनच्या तोंडाकडे.

म्हणून माझं ठाम मत: जे काम दिवसातून अनेकदा आणि हातात ओझं घेऊन करायचं आहे, त्याला शिडी हे उत्तरच नाही. तिथे पक्का प्लॅटफॉर्म हवा. रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंनी कठडा, उभं राहायला सपाट जागा आणि पाय घसरून बाहेर जाऊ नये म्हणून कडेला चार बोटं उंच पट्टी. तुमच्या गावच्या फॅब्रिकेटरला मशीनपाशी उभं करून माप द्या, तो करून देतो. पैसे लागतील. पण ज्या मशीनला तुम्ही लाखो रुपये मोजले त्याच्यापर्यंत पोचायचा जिना हा त्या मशीनचाच भाग आहे, वेगळा खर्च नाही. पुढच्या वेळी कोटेशन मागवताना सप्लायरला पहिला प्रश्न विचारा, ‘हॉपर जमिनीपासून किती उंच आणि माझा माणूस तिथवर पोचणार कसा?’ तो गडबडला तर समजा, त्याला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही.

उरलेल्या कामांसाठी शिडी हवीच. घेताना एवढं बघा. उत्पादनाच्या जागेत लाकडी किंवा बांबूची शिडी नको. लाकूड पाणी पितं, त्यात बुरशी धरते, त्याच्या काड्या सुटतात. त्यातून लाकडी शिडीला कोणी रंग मारला असेल तर आतली चीर दिसत नाही. खाद्य परवान्याच्या २०११ च्या नियमांतलं शेड्यूल ४ सांगतं की उपकरणं न गंजणारी आणि सहज साफ करता येणारी हवीत. तोच न्याय शिडीलाही लावा. आत अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलची, खाचखळगे नसलेली, रबरी बूट शाबूत असलेली, कमाल वजन छापलेली. पण विजेच्या कामाला अॅल्युमिनियम चालत नाही, त्यातून करंट जातो. त्यासाठी फायबरची, म्हणजे एफआरपीची शिडी वेगळी लागते. खर्च वाचवायला दोन्हीसाठी एकच घ्यायची असेल तर फायबरची घ्या. शिड्यांसाठी आपल्याकडे आयएस ३६९६ भाग २ हे भारतीय मानकही आहे, दुकानदाराला त्याबद्दल विचारायला लाजू नका.

एक गोष्ट मोठ्या कंपन्यांकडून जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. संडास-बाथरूम किंवा बाहेरच्या पत्र्यासाठी वापरलेली शिडी आत आणायची नाही. दांड्याला रंगीत पट्टी मारा, हिरवी आतली, लाल बाहेरची. शिडीच्या पायऱ्यांवर चपलेची घाण असते आणि माणूस चढतो तेव्हा ती घाण तुमच्या उघड्या कढईच्या किंवा ट्रेच्या बरोबर वर असते. शिडी लावण्याआधी खालचा माल हलवायचा, नाही हलला तर झाकायचा. बूट तुटून त्याचा रबराचा तुकडा शेवेत सापडला तर ग्राहक फोटो काढतो आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी ही बाजू मुद्दाम सांगतोय, कारण कामगाराच्या पायापेक्षा ब्रँडच्या रिव्ह्यूची काळजी लवकर करणारे मालक मी पाहिलेत. त्यांच्यासाठी हेही कारण पुरेसं आहे.

आता कामगाराचं ट्रेनिंग

वीस मिनिटं पुरतात. पीपीटी नको. शिडी मध्ये ठेवा आणि सगळ्यांना भोवती उभं करा. तुमच्याकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं असतील तर हिंदीत बोला, आणि मावशींशी मराठीत तेच पुन्हा बोला. एकाच भाषेत उरकू नका.

आधी शिडी तपासायला शिकवा. बूट आहेत का, पायऱ्या हलतात का, दांडा वाकलाय का, घडीच्या शिडीचा मधला आडवा पट्टा पूर्ण उघडून बसतो का, पायऱ्यांवर तेल-पीठ आहे का. यातलं काही चुकलं तर शिडी बाजूला. इथे एक नियम करा: शिडी नाकारायचा अधिकार चढणाऱ्याचा. ‘शेठ, ही नको’ असं सगळ्यात ज्युनिअर पोराने म्हटलं तरी विषय संपला. नाकारलेली शिडी कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यातली शिडी चार दिवसांनी परत वापरात येते. तोडून भंगारात द्या.

मग लावायला शिकवा. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर दर चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर. शिडी १२ फुटांवर टेकली तर पाया भिंतीपासून ३ फूट. हिशोब लक्षात राहत नसेल तर शिडीच्या पायाला अंगठे लावून सरळ उभं राहायचं आणि हात समोर ताठ करायचे. खांद्याच्या उंचीच्या पायरीवर तळवे आरामात टेकले म्हणजे उतार बरोबर. हे प्रत्येकाकडून करून घ्या, पोरांना मजाही वाटते. माळ्यावर किंवा पत्र्यावर उतरायचं असेल तर शिडी त्या कडेच्या वर तीन फूट हवी आणि वर बांधलेली हवी. घडीची शिडी मिटून भिंतीला टेकवायची नाही, तिचे पाय त्यासाठी बनलेलेच नसतात.

चढताना तोंड शिडीकडे, आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात, असे तीन टेकू कायम. म्हणजे हातात काहीही घ्यायचं नाही. पाना-पक्कड कमरेच्या पिशवीत, बाकी सामान खालून दोरीने बादलीत. घडीच्या शिडीच्या सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, टेकवायच्या शिडीच्या वरच्या तीनवर नाही. आणि पोटाची बेंबी दोन दांड्यांच्या मध्येच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली म्हणजे तुम्ही जास्त झुकलात. खाली उतरून शिडी सरकवायला अर्धं मिनिट लागतं.

दाराच्या मागे शिडी लावली असेल तर दार बंद करा, नाहीतर तिथे एक माणूस उभा करा. हॉपरजवळ काम असेल तर मशीन नुसतं बटनाने नाही, मेन स्विचने बंद, आणि स्विचला कुलूप. टाकीच्या आत उतरणं मात्र यात कुठेच बसत नाही. बंद टाकीत, विशेषतः आंबवण्याच्या टाकीत, वायू साचून आत गेलेला आणि त्याला काढायला गेलेला, दोघेही दगावतात. तुमच्या माणसांना सांगा, शिडीने टाकीवर चढायचं, टाकीत उतरायचं नाही. ते काम वेगळ्या तयारीचं आहे.

बचत गटाच्या आणि पापड-मसाल्याच्या युनिटमध्ये ज्यांचा विषय कोणी काढत नाही त्या म्हणजे साडीतल्या बायका. साडीच्या निऱ्या पायरीत अडकतात, ओढणी दांड्यात. उत्तर ‘बायकांनी चढायचं नाही’ हे नाही, कारण पुरुष माणूस जागेवर नसला की त्या चढतातच. उत्तर म्हणजे युनिटमध्ये घालायला अंगाबरोबरचा कुर्ता-पायजमा किंवा निदान वरून बांधायचा कोट, आणि मागून बंद असलेले, न घसरणाऱ्या तळव्याचे बूट. बूट सगळ्यांनाच द्या आणि तुमच्या पैशाने द्या. पगारातून कापलात तर ते घरी लग्नाला वापरले जातील.

आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी तुमची परीक्षा. गाडी दारात उभी आहे, वरचे दोन खोके राहिलेत आणि तुम्ही ओरडता, ‘अरे लवकर, चढ की पटकन!’ त्या एका वाक्याने कालची वीस मिनिटं पाण्यात. माणसं तुमचं ट्रेनिंग ऐकत नाहीत, तुमचा आवाज ऐकतात. तुम्ही स्वतः क्रेटवर चढताना एकदा दिसलात तरी पुरे.

पैशाचं बोलू

‘आमच्याकडे चारच माणसं, कायदा आम्हाला लागू नाही,’ असं कमेंटमध्ये नेहमी येतं. कारखाना म्हणून नोंदणीसाठी माणसांची संख्या बघतात हे खरं. पण कामावर असताना, कामामुळे माणूस जखमी झाला किंवा गेला तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. १० किंवा जास्त माणसं आणि २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी हा भार घेतं. त्याखालच्या युनिटमध्ये भार तुमच्या खिशावर.

किती? मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. ३० वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. पगार १२,००० धरा. ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. तुमचं अनुदान आणि वर अडीच लाख. ‘आम्ही त्याला सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही’ हा बचाव किरकोळ जखमेच्या वेळी कदाचित उभा राहील, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात तो चालत नाही. रोजची भरणी किंवा साफसफाई असं धंद्याचंच काम कंत्राटदाराच्या माणसांकडून करून घेतलं तरी ही जबाबदारी तुमच्यापर्यंत येऊ शकते. वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनची पॉलिसी चार माणसांसाठीही मिळते. एजंटला विचारताना उपचाराचा खर्च त्यात किती धरलाय हे वेगळं विचारा, तिथेच लोक फसतात.

पण पॉलिसीने कंबर बरी होत नाही. चार माणसांच्या युनिटमध्ये एक माणूस तीन महिने अंथरुणावर म्हणजे पाव कारखाना बंद, आणि त्याच्या घरात तर पूर्ण कारखाना बंद.

कोणी पडलंच तर त्याला लगेच उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, मान हलवू नका. मशीन बंद करा, १०८ ला फोन करा. हा नंबर शिडीच्याच दांड्यावर चिकटवून ठेवा.

शेवटचं, बाहेरून येणाऱ्यांबद्दल. इलेक्ट्रिशियन, सीसीटीव्हीवाला, एक्झॉस्ट साफ करणारा. हे लोक स्वतःची शिडी आणतात, तारेने बांधलेली, आणि आपण ‘तो त्याचं बघेल’ म्हणतो. त्याची शिडीही त्याच तपासणीतून जाऊ द्या. नापास झाली तर तुमची फायबरची द्या, ओली फरशी आधी पुसून घ्या आणि तो खाली उतरेपर्यंत मेन स्विचच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात राहू द्या.